लायनीतलं शेवटचं पाणी

पाणी यायच्या आधी आमच्या नळातून वारा यायचा. सकाळी सहाच्या सुमाराला वरच्या टाकीचा कॉक उघडला की आधी बारीक फुसफुस, मग कुणीतरी खाकरावं तसा आवाज, मग एक लाल मातीची चूळ, आणि तिच्यामागून पाणी. त्या आवाजावर आमचं घर हलायचं. आई चुलीपुढून उठून पहिली घागर लावायची. बा गोठ्यातून हाक मारून विचारायचा, आलं काय? आदल्या रात्रीच्या भाताची पेज चुलीवर शिजत असायची, तिच्यासोबत सुक्या बांगड्याचा तुकडा निखाऱ्यावर टाकलेला, नाहीतर राखेत भाजलेली मुडली. मुडली म्हणजे आमच्याकडच्या परसातला कंद, बटाट्यापेक्षा चिकट आणि पोटाला जड. ती सोलताना बोटं भाजायची आणि आई म्हणायची, पाणी भरून घे, मग खा.

आमची वाडी गुंद गावाच्या बाजूला, जंगलाच्या पोटात. उतारावर एकाखाली एक चौदा घरं. टाकी सगळ्यात वर, तिच्याखाली पहिलं घर आमचं, आणि तळाला, भाताच्या मळ्यांना लागून, शेवटचं घर सोमाकाकाचं. सोमाकाका पंचायतीचा वॉटरमन. पंप चालवणं, टाकी भरणं, ब्लीचिंग पावडर घालणं, कॉक उघडणं आणि तासाभरानं बंद करणं, हे सगळं तो एकटा करायचा. नळ यायच्या आधी आम्ही झऱ्याचं पाणी पोफळीच्या पन्हळीतून आणत होतो. ते रात्रंदिवस वाहायचं, कुणी बंद करायचं नाही, आणि ते वरून खाली येतं यापलीकडे त्याच्याविषयी काही जाणून घ्यायची गरज कुणाला पडली नव्हती.

सोमाकाकाला ती गरज पडली. जोयड्याला, तालुक्याच्या गावी, वॉटरमन लोकांना बोलावून चार गोष्टी शिकवल्या होत्या, त्या तो मनात धरून आला. घरोघरी जाऊन सांगू लागला की नळीचं तोंड पाण्यात बुडवून ठेवायचं नाही, पिंपाच्या काठाच्या वर वीतभर ठेवायचं. कॉक बंद झाला की लायनीतलं पाणी खाली उतरतं आणि वरच्या घरातली नळी ओढ घेते, पिंपात असेल ते लायनीत जातं. लोक हसायचे. आमच्या बानं तोंडावर विचारलं, "सोमा, पाणी उलटं चढतंय व्हय?" त्यावर काका म्हणाला, "जीपमधनं डिझेल काढताना नळी तोंडात घालून ओढता न्हवं? मग ते कसं चढतंय?" जीपच्या टाकीतून डिझेल काढताना एकदा बाच्या पोटात चांगलं घोटभर गेलं होतं आणि ते सगळ्या वाडीला ठाऊक होतं.

ज्यांची बाग होती, त्यांच्या नळावर काकानं पंचायतीकडून एकेक झडप बसवून घेतली. पितळेची, मुठीएवढी, आत एक पाकळी, पाणी येताना उघडणारी आणि मागे फिरताना मिटणारी. तिच्यासोबत कन्नडमध्ये छापलेला एक कागद आला होता. वाडीत बोलायला कन्नड सगळ्यांना येत होतं, पण भरभर वाचणारा मी. दहावी पास, पुढं बारावीला दोनदा नापास, एकोणीस-वीस वर्षांचा, घरीच. काकानं सगळ्यांना आमच्या अंगणात जमवलं आणि तो कागद मी मोठ्यानं वाचून मराठीत सांगितला. औषधाच्या पिंपात नळी बुडवू नका. झडप काढू नका. हे माझ्या तोंडून वाडीनं ऐकलं. हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना मला ठाऊक नव्हतं असं कुणी माझ्या वतीनं म्हणू नये.

काकाची आणखी एक रीत होती. तो स्वतःच्या घरी पाणी शेवटी भरायचा. कॉक बंद करून झाल्यावर लायनीत जे उरलेलं असेल ते तळाच्या घराच्या नळाला बराच वेळ उतरत राहायचं. गंगाकाकी, म्हणजे त्याची बायको, त्यावर आपल्या घागरी भरायची. बंद व्हायच्या आधी तिनं तोटी उघडलेली कुणी कधी पाहिली नाही. पाणी सोडणाऱ्याच्या घरी पाणी आधी असं कुणी म्हणू नये, एवढंच त्याचं कारण. काकी कुरकुर करायची, पण पाळायची.

त्या वर्षी त्यांची मुलगी रुक्मा बाळंतपणाला माहेरी आली होती. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, मी तिला रुक्माक्का म्हणायचो. लहानपणी आम्ही एकत्र गुरं वळली होती. तिची जीभ तिखट. बाराव्या दिवशी मुलीला पाळण्यात घातलं तेव्हा मी गुळाची ढेप घेऊन गेलो, तर आतल्या खोलीतून म्हणाली, "म्हादू, ही शाळंत जायच्या आधी तरी बारावी पास हो रे. न्हाईतर दोघं एकाच बाकावर बसाल." बायका हसल्या. मी लाजून बाहेर आलो. तिचे मी ऐकलेले शेवटचे शब्द तेच.

आमच्या घरामागं पोफळीची छोटी बाग होती, बानं नवीन लावून वाढवलेली. पावसाळ्यात सुपारीला कोळेरोग लागतो, कोवळी फळं कुजून घोसच्या घोस गळतात. त्यावर मोरचूद आणि चुना वेगवेगळे कालवून, एकत्र करून फवारतात. फवारायला झाडावर चढणारा माणूस लागतो आणि हंगामात तो देवासारखा दुर्मीळ. पाऊस दोन दिवस उघडला की दहा बागायतदार त्याच्या दारात. श्रावणातल्या अशाच एका उघडिपीत तो आम्हाला म्हणाला, उद्या सकाळी येतो, पण पिंपं तयार पाहिजेत, नसली तर मी पुढच्या बागेत जाणार.

झडपेमुळं आमच्या नळाची धार बारीक झाली होती. टाकीच्या अगदी पायथ्याला असल्यानं जोर आधीच कमी, त्यात ती पाकळी. दोन पिंपं तासाभरात भरणं शक्य नव्हतं. आदल्या संध्याकाळी मी पाना घेतला आणि झडप काढून नळी सरळ जोडली. बानं सांगितलं नव्हतं. मीच काढली. एका सकाळपुरती, असं स्वतःला सांगितलं.

सकाळी वारा आला, चूळ आली, धार चांगली जाड पडली. चुन्याचं पिंप भरून घेतलं. मग मोरचुदाच्या पिंपात निळे खडे सगळे एकदम ओतले आणि नळी तळापर्यंत खाली सोडली. तळाशी धार मारली की खडे आपोआप ढवळले जातात, काठीनं घुसळत बसावं लागत नाही, ही युक्ती बागायतदारांत सगळ्यांना माहीत होती. नळ तसाच सोडून मी फवारणीवाल्याला आणायला पलीकडच्या वस्तीवर गेलो. पाणी तासभर चालणार, मी पाऊण तासात परत येणार, असा हिशेब होता. पण आदल्या दिवसापासून वीज नव्हती, टाकी अर्धीच भरली होती, आणि काकानं त्या दिवशी अर्ध्या तासात कॉक बंद केला.

परत आलो तेव्हा पिंपाच्या आतल्या अंगाला वर एक निळी रेघ होती आणि पाणी तिच्याखाली दोन विती गेलेलं होतं. आधी वाटलं पिंप गळतंय. खाली हात फिरवला, जमीन कोरडी. मग मी नळी वर ओढली. तिचं तोंड पाण्याबाहेर आलं तसा तिनं गळ्यातून काढावा तसा आवाज केला आणि हवा ओढायला लागली. मी तळहात लावला. कातडी आत ओढली गेली.

मला सगळं कळलं. थोडं थोडं कळत गेलं असं म्हणायला मला आवडलं असतं, पण तसं नव्हतं. ते पाणी कुठं गेलं, कुणाच्या नळाला उतरलं, त्या वेळी तिथं कोण घागर धरून उभं असणार, हे त्या तळहाताबरोबरच कळलं. उतारानं धावत गेलो असतो तर पाच मिनिटांत सोमाकाकाच्या अंगणात पोचलो असतो. फवारणीवाला मागून विचारत होता, काय झालं, सुरू करूया न्हवं? बा शिडी घेऊन येत होता. मी नळ बंद केला. निळं पाणी दिसेल, ओतून टाकतील, असं मनात आलं. त्या एका वाक्यावर मी तिथं उभा राहिलो, आणि मग आम्ही पोफळींना फवारणी केली.

गंगाकाकीच्या स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. वीज नाही, चुलीचा धूर, तांब्याची घागर. त्या अंधारात पाण्याचा रंग तिला दिसला नाही. तिनं त्या पाण्यात बाळंतिणीचा काढा ठेवला. सुंठ, मिरी, ओवा आणि दोन-तीन झाडांच्या साली. मोठं पातेलंभर पाणी आटवून आटवून पेलाभर करायचं. मोरचूद वाफेबरोबर जात नाही. पातेल्यात होतं तेवढं सगळं त्या पेल्यात उतरलं. काढा काळा आणि कडूच असतो. काढ्याचं हे मला काकीकडूनच कळलं. ती नंतर ओटीवर बसून येईल त्याला तेच सांगत होती, एकाच सुरात. "पोरगी म्हणाली, आज लई कडू हाय गं. मी म्हणाले, गुमान पी. ती प्याली."

दहाच्या सुमाराला ओरडा वर आला तेव्हा मी पोफळीखाली दोरी धरून उभा होतो. रुक्माक्काला उलट्या थांबत नव्हत्या. काकीनं चव बघायला घोटभर घेतलं होतं, तिलाही ओकाऱ्या होत होत्या. खुर्चीला बांबू बांधून चार जणांनी रुक्माक्काला रस्त्यापर्यंत नेलं. त्या चौघांत मी होतो. तिचं डोकं माझ्या बाजूला होतं. जीप जोयड्याला गेली, तिथून पुढं मोठ्या दवाखान्यात पाठवलं. जीप गेल्यावर मी घरी आलो आणि दुपारीच झडप परत बसवली. शेवटचा आटा पिळत होतो तेव्हा बा मागं उभा असलेला दिसला. त्यानं झडप बघितली. "पाना जाग्यावर ठेव," एवढं म्हणाला आणि गोठ्यात गेला. मरेपर्यंत त्यानं तो विषय काढला नाही. मीही नाही. एका घरात, एका ताटाशेजारी दुसरं ताट ठेवून, आम्ही वीसेक वर्षं जेवलो.

तिसऱ्या दिवशी रुक्माक्का गेली. लघवी काळी झाली होती, मग बंदच झाली, असं दवाखान्यातून आलेले सांगत होते. तान्ही मुलगी काकीच्या मांडीवर, वरच्या दुधावर.

चौकशीला माणसं आली. पोलीसही पंचनामा करून गेले. टाकीतलं पाणी बाटलीत भरून नेलं. ते चांगलं निघालं, निघणारच होतं. एका साहेबानं घरोघरीच्या झडपा बघितल्या. आमची बघून म्हणाला, हे बरोबर आहे, असं पाहिजे. मी मान हलवली. सोमाकाका त्याच्याबरोबर फिरत होता, दाढी वाढलेली, सदरा उलटा घातलेला. आमच्याच अंगणात त्यानं साहेबाला सांगितलं की आदल्या दिवशी ब्लीचिंग पावडर आपण घातली, टाकी अर्धी होती, माप पुऱ्या टाकीचं घातलं असेल; गाळ तळाला बसला असेल आणि शेवटच्या पाण्यातून आपल्याच घरात उतरला असेल. कुणी विचारलं नव्हतं. साहेबानं लगेच लिहून घेतलं. कारण सापडल्यावर माणसाला जे हायसं वाटतं ते मी त्याच्या चेहऱ्यावर पाहिलं, आणि आज खरं लिहायचं तर ते मलाही वाटलं.

पण त्याहून वाईट पुढं आहे. महिनाभरानं काका दवाखान्याचा कागद घेऊन माझ्याकडं आला. इंग्रजीत हातानं लिहिलेला. वाडीत तो वाचणारा मीच. आम्ही ओटीवर बसलो, आईनं त्याच्यापुढं चहा ठेवला, तो त्यानं घेतला नाही. मी ओळीवर बोट ठेवून वाचत गेलो आणि शेवटून तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं की तांब्याच्या क्षाराची विषबाधा असावी. मोरचूद म्हणजे तांब्याचाच क्षार, हे मला दहावीच्या पुस्तकातून माहीत होतं. माझं बोट त्या ओळीवर थांबलं. काका माझ्या बोटाकडं बघत होता.

"पावडरच न्हवं?" त्यानं विचारलं.

"व्हय," मी म्हणालो.

त्यानं कागद घेतला, चार घड्या घातल्या, खिशात ठेवला. "मला वाटलंच हुतं," असं म्हणून उठला. त्याला दुसरं काहीतरी ऐकायचं होतं. ते ऐकायलाच तो चढ चढून आला होता, हे मला त्याची पाठ बघताना समजलं.

पंचायतीनं त्याला काढलं. जागा रिकामी, वाडीत शिकलेला मी. नको म्हणायला कारण सांगावं लागलं असतं. किल्ल्या द्यायला काका स्वतः टाकीपाशी आला आणि पंपाचं बटण कसं दाबायचं, कॉक किती वेढे फिरवायचा, हे सगळं त्यानं मला शांतपणे शिकवलं. शेवटी पावडरीचा डबा उघडून माप दाखवलं. "टाकी किती भरलीया ते काठी घालून बगायचं, मगच घालायची. डोळ्यानं अंदाज करायचा न्हाई. मी केला." माप भरताना पावडर माझ्या पायावर सांडली. मी ती झटकली आणि किल्ल्या घेतल्या.

तेव्हापासून आजतागायत तेच काम करतो आहे. आता टाकी मोठी आहे, पंप आपोआप चालतो, घराघरात नवे नळ आले. मी दर आठवड्याला प्रत्येक झडप उघडून बघतो, पिंपात बुडालेली नळी दिसली की कोयतीनं कापून टाकतो. नवी पोरं मला मागून नळीमामा म्हणतात. एका सुनेनं तोंडावर सुनावलं, "मामा, एवढं भ्यायला काय झालंय? पाण्यानं कुणी मेलंय काय हिथं?" तिला ठाऊक नाही, ती परगावची. लोक पंचायतीत सांगतात, म्हादूसारखा वॉटरमन मिळायचा नाही. हे ऐकून मला घरी जाऊन जेवता येत नाही.

सोमाकाका गेल्या माघात गेला. तीन महिने अंथरुणावर होता. मी चार वेळा गेलो. प्रत्येक वेळी उतरताना वाक्य ठरवून गेलो आणि प्रत्येक वेळी पंपाविषयी, पावसाविषयी बोलून वर आलो. शेवटच्या वेळी त्यानं विचारलं, पावडर काठी घालूनच घालतोस न्हवं? मी म्हणालो, व्हय काका. त्याच्यापुढं मी आयुष्यात दोनदा व्हय म्हणालो. त्यातलं हे दुसरं तेवढं खरं होतं.

तो गेल्यावर दोन महिन्यांनी मी गंगाकाकीकडं गेलो. तिसऱ्या प्रहराची वेळ. रुक्माक्काची मुलगी, जिला काकीनंच वाढवलं, ती बाजाराला गेली होती. काकी पायरीवर बसून फणसाच्या बिया सोलत होती. मला बघून आत गेली, तांब्याभर पाणी आणि वर फुलपात्र आणून माझ्याशेजारी ठेवलं, परत बियांना बसली. मी सगळं सांगितलं, क्रमानं, इथं लिहिलं आहे तसं. झडप, पिंप, तळहात, पोफळीखाली उभं राहणं, कागदावरची ओळ. ती बिया सोलायची थांबली नाही. माझं संपल्यावरही दोन-तीन सोलल्या.

मग म्हणाली, "पावडर त्येनं घातली म्हणून त्या दिसापासनं मी त्येच्या हातचं काय घेटलं न्हाई. पाणी न्हाई, विडा न्हाई. एका घरात ऱ्हायलो."

तिनं पुढची बी उचलली.

"जाताना माझ्याकडं बगून तोंड उघडलं त्यानं. पाणी मागत हुता. मी जवळच हुते. मी उठले न्हाई. शेवटचं पाणी नातीनं घातलं. लई वेळ बगत हुता माझ्याकडं."

अंगणात कोंबड्या उकरत होत्या. मला क्षमा मागायची होती, ते शब्द मी वाटेत तयार केले होते. पण तिच्या त्या वाक्यानंतर ते तोंडात आणायची मला लाज वाटली. ती उठली. गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू. माझ्याशेजारचा तांब्या उचलला. मी अजून त्याला हात लावला नव्हता. तिनं तो पायरीखाली उपडा केला, पाणी मातीत जिरेपर्यंत तिथंच उभी राहिली, आणि रिकामा तांब्या घेऊन आत गेली.